सिग्नेचर१००० आणि पृष्ठभागाखालचे शेवटचे दोन मीटर

नॉर्टेक कंपनीचा सिग्नेचर१००० हा १ मेगाहर्ट्झचा, पाच बीमचा एडीसीपी, म्हणजे पाण्यात आवाजाचे झोत (बीम) सोडून कणांवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीतून वेगवेगळ्या खोलीवरचा प्रवाह मोजणारं यंत्र. प्रवाह मोजणाऱ्यांना तो ओळखीचा आहे आणि त्याच्या गुणांची यादी माहितीपत्रकात मिळते. इथे आम्हाला एकाच कसोटीवर तो तपासायचा आहे: समुद्र उसळलेला असताना पृष्ठभागाच्या किती जवळचा प्रवाह हे यंत्र खात्रीने सांगतं?

आधी उत्तर देऊन टाकतो. १५ मीटर खोलीत तळावर ठेवून, अर्ध्या मीटरचे सेल (मोजणीचे थर) लावून, दोन मीटर उंचीच्या लाटांमध्ये साधी सरासरी घेतली तर सरासरी पृष्ठभागाखाली पावणेतीन मीटरपर्यंतचे आकडे विश्वासाचे. दर पिंगला (आवाजाच्या प्रत्येक ठोक्याला) सेल पृष्ठभागाबरोबर वर-खाली सरकवण्याचे कष्ट घेतले तर १.८५ मीटरपर्यंत. त्याच्या वर फाइलमध्ये आकडे असतात, रंगीत आलेखात ते छान दिसतातही, पण तो प्रवाह नव्हे. हे हिशेब कुठून येतात ते कळल्याशिवाय हे यंत्र घेऊ नये, कारण त्यातल्या मर्यादा यंत्राच्या कमी आणि वापरणाऱ्याने निवडलेल्या सेटिंगच्या जास्त असतात.

यंत्राची बांधणी अशी: चार बीम उभ्या रेषेपासून २५ अंश कललेले, पाचवा सरळ वर (किंवा उलटा टांगला तर सरळ खाली). सेल २० सेंमीपासून २ मीटरपर्यंत. प्रवाहासाठी पल्ला जास्तीत जास्त ३० मीटर, तोही पाण्यात पुरेसे कण असतील तर. पाचही बीम चालू ठेवून सेकंदाला ८ वेळा नमुने घेता येतात. पाचवा बीम पृष्ठभागापर्यंतचं अंतर मोजतो आणि उभा वेगही देतो. बीमची रुंदी २.९ अंश, म्हणजे १५ मीटर वर त्याचा ठिपका पाऊण मीटरचा होतो. अचूकता मोजलेल्या वेगाच्या ०.३ टक्के अधिक-उणे ०.३ सेंमी प्रति सेकंद, असं कागद सांगतो. हा आकडा शांत पाण्यातल्या दीर्घ सरासरीचा समजावा. लाटांच्या खाली चूक दुसरीकडूनच येते आणि ती या आकड्याच्या दहापट-वीसपट असू शकते.

ती कुठून येते ते एका उदाहरणाने पाहू. २ मीटर उंचीची, ६ सेकंदांची लाट घ्या. खोल पाण्याच्या सूत्राने तिची लांबी ५६ मीटर. पृष्ठभागाजवळचं पाणी या लाटेखाली गोल फिरतं आणि त्या फिरण्याचा वेग असतो सेकंदाला १०५ सेंमी. आपल्याला हवा असलेला प्रवाह बहुधा १० ते ३० सेंमी असतो. म्हणजे दहा पट मोठ्या हेलकाव्यातून लहान सरासरी वेचून काढायची आहे. त्यातच त्या फिरण्याचं वर्तुळ पुरतं बंद होत नाही. पाण्याचा कण दर लाटेगणिक थोडा पुढे सरकतो. हे स्टोक्स वहन. वरच्याच लाटेसाठी पृष्ठभागावर ते सुमारे १२ सेंमी प्रति सेकंद भरतं आणि साडेचार मीटर खाली एक तृतीयांशाच्या थोडं वर, म्हणजे ४.३ सेंमी, उरतं. एका जागी घट्ट बसवलेल्या यंत्राला हे वहन दिसत नाही. पाण्याबरोबर वाहणाऱ्या तरंगत्या बोयाला ते पूर्ण दिसतं. तेव्हा 'प्रवाह किती' या प्रश्नाला दोन बरोबर उत्तरं असतात आणि दोन यंत्रांत १० सेंमीचा फरक आला म्हणून त्यातलं एक बिघडलंय असं समजायचं कारण नाही.

पूर्वीची यंत्रं इथेच अडखळायची. सॅव्होनियस रोटर पाणी कुठूनही आलं तरी एकाच दिशेने फिरतो, त्यामुळे लाटेचं पुढे-मागे दोन्ही 'पुढे' म्हणून मोजलं जायचं आणि वेग फुगायचा. वेलर आणि डेव्हिस यांनी १९८० मध्ये मांडलेल्या व्हीएमसीएम या प्रवाहमापकात काटकोनात दोन पंखे बसवले, उलट पाण्यात उलटे फिरणारे, आणि हा दोष बराच गेला. ध्वनीवर चालणाऱ्या यंत्राला पंखेच नाहीत, म्हणून तो दोष उरला नाही. त्याची जागा दुसऱ्या दोषांनी घेतली.

पहिला दोष साइडलोबचा. प्रत्येक ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारी आणि ऐकणारी चकती) मुख्य बीमबाहेरही थोडा आवाज फेकतो. कललेल्या बीमचा आवाज पृष्ठभागापर्यंत तिरक्या वाटेने जात असतो, तेवढ्यात बाजूने निसटलेला आवाज सरळ वर जाऊन पृष्ठभागावर आपटून परत येतो. हवा आणि पाणी यांच्या सीमेवरचा हा प्रतिध्वनी पाण्यातल्या कणांपेक्षा कितीतरी जोरकस. त्यामुळे बीम उभ्या अंतराइतका लांब गेल्यानंतरचं सगळं खराब. २५ अंशाला हा खराब थर अंतराच्या ९.४ टक्के, २० अंशाला ६ टक्के, ३० अंशाला १३.४ टक्के.

आता तळाचं उदाहरण: खोली १५ मीटर, चौकटीमुळे यंत्राचं तोंड तळापासून ६० सेंमी वर. पृष्ठभाग १४.४ मीटर दूर. त्याचे ९.४ टक्के म्हणजे १.३५ मीटर. यात सेलची लांबी मिळवायची, अर्धी नव्हे, पूर्ण. एडीसीपीचा सेल हा स्वच्छ कापलेला तुकडा नसतो, त्याचं वजन त्रिकोणी असतं आणि ते शेजारच्या सेलमध्ये शिरतं. अर्धा मीटर मिळवला की १.८५. हे सपाट पाण्यात. लाटेचा खळगा डोक्यावर आला की पृष्ठभाग एक मीटर खाली येतो, मग स्वच्छ पाण्याची हद्दही ९० सेंमी खाली सरकते: २.७५. त्यातही समुद्रात सगळ्या लाटा सारख्या नसतात. लक्षणीय उंची (सर्वात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी) २ मीटर असेल तर १७ मिनिटांत सर्वात मोठी लाट ३ मीटरच्या पुढे जाते, आणि एकही खराब पिंग नको म्हटलं तर ही हद्द सव्वातीन मीटरवर येते.

इथे पाचव्या बीमची किंमत वसूल होते. साइडलोबचा आवाज डोक्यावरच्या पृष्ठभागावर आपटतो आणि पाचवा बीम नेमका तोच पृष्ठभाग मोजतो. दर नमुन्याला हे अंतर घ्या, त्याला ०.९०६ ने गुणा, एक सेल वजा करा, त्याच्या वरचं त्या नमुन्यापुरतं टाकून द्या. दाबमापकावरून हे काम होत नाही. ६ सेकंदांच्या लाटेचा दाब २० मीटर खोलीवर पृष्ठभागाच्या पाचव्या हिश्शाइतकाच उरतो आणि ४ सेकंदांच्या लाटेचा दीड टक्कासुद्धा नाही. तळावरच्या दाबमापकाला लहान लाटा दिसतच नाहीत, मग पृष्ठभाग कुठे आहे ते तो काय सांगणार!

खराब नमुने टाकण्यात एक खोच आहे. स्थिर सेल ठेवून खळग्याच्या वेळचे नमुने वगळले तर वरच्या सेलमध्ये उरतात ते माथ्याखालचे नमुने. माथ्याखाली पाणी लाटेच्या दिशेने पळत असतं. सरासरी आपोआप लाटेच्या दिशेला झुकते आणि दिसतो तो वाऱ्याच्या दिशेचा एक सुंदर, खोटा पृष्ठप्रवाह. लोक फसतात ते इथे, कारण वाऱ्याने असा प्रवाह होणं अपेक्षितच असतं. नियम करून ठेवावा: ज्या सेलमधले ५ टक्क्यांपेक्षा जास्त नमुने वगळावे लागले त्याची स्थिर सरासरी छापू नये. नाहीतर सेल पृष्ठभागापासूनच्या अंतराने मोजावेत, म्हणजे प्रत्येक थरात सगळे नमुने येतात. पण अशी सरासरी घेतली की लाटेच्या वहनाचा काही भाग त्या आकड्यात शिरतो, आणि ते आलेखाखाली लिहिणं भाग आहे. एका जागी स्थिर राहून पाहिलं तर स्टोक्स वहनाचं सगळं पाणी खळगा आणि माथा यांच्या मधल्या पट्ट्यातून जातं. आपल्या लाटेसाठी ते लाटेच्या माथ्याच्या दर मीटर लांबीला सेकंदाला सुमारे अर्धा घनमीटर. यंत्र ज्या पट्ट्यात आंधळं असतं नेमका तोच हा पट्टा.

सेल सरकवताना आणखी एक बारकावा. पाचवा बीम डोक्यावरचा पृष्ठभाग मोजतो, पण कललेला बीम पृष्ठभागाला भेटतो तिथून पावणेसात मीटर बाजूला. तिथे लाटेची अवस्था वेगळी असते. साइडलोबची हद्द ठरवायला डोक्यावरचं अंतर वापरायचं. सेलची पृष्ठभागापासूनची खोली ठरवायला त्या-त्या बीममध्ये प्रतिध्वनीचा जोर जिथे शिगेला पोहोचतो ते अंतर. दोन्हीला एकच अंतर वापरणारे प्रोग्राम सर्रास आढळतात आणि आखूड लाटांत त्यांची गल्लत होते.

आता सरासरीचा काळ. लाटेतलं पाणी एका फेरीत लाटेच्या उंचीपेक्षा जास्त आडवं हलत नाही. त्यामुळे अर्धवट राहिलेल्या लाटेमुळे सरासरीत येणारी जास्तीत जास्त चूक म्हणजे लाटेची उंची भागिले सरासरीचा काळ. २ मीटरची लाट आणि एक मिनिट: ३.३ सेंमी प्रति सेकंद. तीच लाट आणि १०२४ सेकंद: ०.२ सेंमी. म्हणून एक मिनिटाची सरासरी मागणाऱ्या ग्राहकाला नाही म्हणावं. १७ ते २० मिनिटं हा चांगला मध्य. त्याहून जास्त घेतलं तर भरती-ओहोटीचा बदल आत येऊ लागतो.

काळ पुरेसा आहे म्हणून पिंग विरळ करून चालत नाही. बॅटरी वाचवायला दर ३० सेकंदांनी एक पिंग ठेवला तर १०२४ सेकंदांत ३४ पिंग होतात. लाटेचा वेग यांच्या दृष्टीने निव्वळ गोंगाट: ७४ सेंमीचं विचलन भागिले ३४ चं वर्गमूळ, म्हणजे १३ सेंमी प्रति सेकंद. वर ३० ही संख्या ६ ची पाचपट. लांबच्या एकसुरी लाटा असतील तर प्रत्येक पिंग लाटेच्या त्याच अवस्थेत पडतो आणि सरासरीने चूक कमीच होत नाही. सेकंदाला एक पिंग ही तळाची मर्यादा. सिग्नेचर१००० वर २ किंवा ४ हर्ट्झ ठेवावं आणि बॅटरी वाचवायचीच तर तासातून एकदा १०२४ सेकंदांचा सलग गट घ्यावा. चालू-बंद, चालू-बंद करू नये.

८ हर्ट्झचा मोह आवरा. पाच बीम, ५० सेल, प्रत्येक सेलला वेगाचे दोन बाइट, प्रतिध्वनीचा जोर आणि सहसंबंध (प्रतिध्वनी किती भरवशाचा ते सांगणारा आकडा) यांचा एक-एक. हे ८ हर्ट्झने सलग लिहिलं तर दिवसाला सुमारे ७०० मेगाबाइट. खळबळ (पाण्यातले बारीक भोवरे, म्हणजे टर्ब्युलन्स) मोजायची नसेल तर यातलं तीन चतुर्थांश ओझं फुकट आहे.

कच्चा बीम-वेग मात्र जपून ठेवावाच. यंत्र आडवा वेग काढतं तो समोरासमोरच्या दोन बीममधून, दोन्ही ठिकाणी पाणी सारखंच वाहतंय असं धरून. यंत्राच्या तोंडापासून १३ मीटर वर हे दोन बीम एकमेकांपासून १२ मीटर दूर असतात. लाट एकाखाली चढत असते तेव्हा दुसऱ्याखाली दुसरंच काही चाललेलं असतं. आपली ६ सेकंदांची लाट या बीमच्याच रेषेत आली तर दोन टोकांच्या उभ्या वेगांतला निम्मा फरक आडव्या वेगात मिसळतो, तोही २.१४ ने गुणून, आणि लाटेचा क्षणिक वेग खऱ्याच्या दुपटीहून किंचित जास्त दिसतो. सरासरी शून्यच येते, त्यामुळे प्रवाहाला धक्का नाही. पण त्या क्षणिक वेगांवरून कोणी लाटेचा जोर किंवा खळबळ काढायला बसलं तर सगळं चुकणार. लाटांचे हिशेब बीम-वेगावरून करतात ते यासाठी. पूर्व-उत्तर-उभा असा रूपांतरित डेटाच तेवढा साठवला तर ही दुरुस्ती नंतर करता येत नाही.

सहसंबंध ५० टक्क्यांखाली गेला की नमुना टाकायचा हा नेहमीचा रिवाज. लाटा फुटायला लागल्या की तो पुरत नाही. फुटलेल्या लाटेखाली बुडबुड्यांचे ढग लाटेच्या उंचीइतके खाली येतात. १ मेगाहर्ट्झचा आवाज त्यात विखुरतो, शोषला जातो. प्रतिध्वनीचा जोर वाढलेला, सहसंबंध घसरलेला, असं चित्र दिसलं की ढग समजावा. त्याच वेळी पाचवा बीम ढगाच्या बुडालाच पृष्ठभाग समजू शकतो आणि लाट ठेंगणी दिसते. पृष्ठभागाच्या अंतरात एका नमुन्यात अचानक मीटरभर खाली उडी असेल तर तो नमुना सोडून द्यावा, मधली किंमत भरू नये. वादळातल्या डेटाचा वरचा भाग जास्त गाळून निघतो हे मान्य करूनच पुढे जावं लागतं. याला सिग्नेचर जबाबदार नाही, या वारंवारतेचं प्रत्येक यंत्र इथे सारखंच हतबल आहे.

बसवण्याबद्दल थोडक्यात, कारण हे सगळ्या एडीसीपींना लागू. कल ५ अंशांच्या आत हवा. चौकट ५ अंश कलली की एक बीम ३० अंशांचा होतो आणि खराब थर १३.४ टक्क्यांवर जातो, म्हणजे वरचे साठेक सेंमी फुकट गेले. होकायंत्राचं कॅलिब्रेशन बॅटरी आत घालून, यंत्र चौकटीत बसवून करावं. २ अंशांची चूक सेकंदाला एक मीटरच्या भरतीच्या प्रवाहातून आडव्या दिशेला साडेतीन सेंमीचा खोटा प्रवाह निर्माण करते. स्थानिक चुंबकीय फरक एकदाच टाकावा, यंत्रात तरी किंवा नंतर प्रोग्राममध्ये तरी. दोन्हीकडे टाकल्याचे आलेख पाहण्यात येतात. क्षारता प्रत्यक्ष मोजून भरावी, कारण ध्वनीच्या वेगात एक टक्का चूक म्हणजे वेगातही एक टक्का आणि अंतरातही. ट्रान्सड्यूसरवर झिंक ऑक्साइडच्या मलमाचा थर दिला तर शिंपले-शेवाळ उशिरा धरतं.

पाचव्या बीमचा एचआर (हाय रिझोल्यूशन) पर्याय वेगळ्याने बोलण्यासारखा आहे. यात दोन छोटे पल्स लागोपाठ सोडून त्यांच्या कलेतला (फेजमधला) फरक मोजतात. सेल काही सेंटिमीटरचे होतात, गोंगाट फार कमी. पण जो वेग निःसंदिग्ध मोजता येतो तो दोन पल्समधल्या अंतराने बांधलेला असतो. १ मेगाहर्ट्झला एक मीटरचं अंतर ठेवलं तर सेकंदाला फक्त अधिक-उणे २८ सेंमी, अर्धा मीटर ठेवलं तर ५६. आपल्या लाटेचा उभा वेग पृष्ठभागाजवळ १०५. मग कला गुंडाळली जाते आणि वर जाणारं पाणी खाली जाताना दिसतं. साध्या बीमच्या वेगाचा आधार घेऊन ती उलगडता येते, पण बुडबुड्यांत तेही निसटतं. शिवाय पाचव्या बीममधून आडवा प्रवाह मिळतच नाही. प्रवाहासाठी यंत्र घेणाऱ्याने हा पर्याय घेऊ नये. खळबळ मोजायची असेल, तीही वाहत्या बोयावरून खाली पाहत, तर एचआरसारखं दुसरं काही नाही, कारण बोया लाटेबरोबरच हलतो आणि यंत्राच्या दृष्टीने पाण्याचा वेग लहान उरतो.

बोयाचा विषय निघालाच आहे. यंत्र उलटं करून तरंगत्या बोयाखाली लावलं की साइडलोबचा जाच वरच्या थरातून संपतो. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या स्विफ्ट बोयांच्या चौथ्या आवृत्तीत हाच सिग्नेचर१००० खाली तोंड करून बसवलेला आहे. पहिला सेल तोंडाखाली अर्ध्या मीटरच्या आत सुरू करता येतो. बोयाच्या बुडाभोवतीचं ढवळलेलं पाणी त्यात येतं म्हणून पहिला सेल सोडून द्यायचा. म्हणजे तळावरून कधीच न दिसणारा, पृष्ठभागाखालचा पाऊण-एक मीटर ते दोन मीटरचा थर इथे दिसतो. हे ऐकून सगळ्यांना बोयाच हवासा वाटतो.

पण मग यंत्र स्वतःच लाटेत फिरतं. लाटेचा माथा असताना बोया उंच असतो, त्याचा 'साडेचार मीटर खालचा' सेल त्या क्षणी खऱ्या साडेचार मीटरपेक्षा वर असतो, जिथे पाणी पुढे जास्त जोरात पळतं. खळग्यात उलट. दोन्ही चुका एकाच बाजूला पडतात, एकमेकींना खोडत नाहीत. पूर्णपणे लाटेबरोबर फिरणाऱ्या बोयासाठी ही भर पृष्ठभागावर स्टोक्स वहनाइतकीच असते, पण खाली जाताना ती स्टोक्सपेक्षा निम्म्या गतीने विरते. आपल्या लाटेसाठी ९ मीटरवर खरं स्टोक्स वहन १.६ सेंमी, आणि बोयावरच्या यंत्राला दिसणारी भर ४.३. नांगरलेला, आडवा फारसा न हलणारा, फक्त वर-खाली जाणारा बोया असेल तर ही भर निम्मी. म्हणजे अशा यंत्राचा आकडा एका जागी बसवलेल्या यंत्राचा नाही आणि पाण्याबरोबर वाहणाराही नाही, मधलाच काहीतरी. लाटांचा वर्णपट (कोणत्या कालावधीच्या लाटा किती मोठ्या ते) मोजलेला असला तर ही भर काढून वजा करता येते. नसला तर नुसत्या प्रवाहाच्या आलेखावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट यंत्र कलण्याची. साधा कलमापक गुरुत्वाकर्षण बघून उभी दिशा ठरवतो. लाटेवर तरंगणाऱ्या वस्तूला जाणवणारं वजन मात्र पृष्ठभागाला काटकोनातच असतं. बोया दहा अंश कलला तरी तो मापक शून्याजवळ काहीतरी दाखवतो आणि ही चूक लाटेच्या वेगाशी ताल धरून येते, म्हणून सरासरीत टिकते. यासाठी गतिमापक जायरोसह एएचआरएस (यंत्राचा खरा कल आणि दिशा हलतानाही सांगणारा संच) हा पर्याय घ्यावा लागतो. क्रम चुकवू नका: आधी प्रत्येक पिंगच्या बीम-वेगाला त्या क्षणाचा कल, मग पूर्व-उत्तर रूपांतर, मग बोयाचा स्वतःचा वेग, मग सेल योग्य खोलीवर बसवणं आणि सर्वात शेवटी सरासरी. आधी सरासरी घेऊन मग सरासरी कलाने दुरुस्त केलेला डेटा सुधारता येत नाही. बोयाचा वेग जीपीएसवरून. दर पिंगसाठी डॉप्लर वेग आणि १७ मिनिटांच्या सरासरीसाठी सुरुवात व शेवटाच्या जागांतला फरक.

बाकीच्या पर्यायांशी तुलना करायची तर टेलिडाइनचा सेंटिनेल व्ही हाही पाच बीमचा आणि २५ अंशांचाच आहे. वरच्या हद्दीचा हिशेब दोघांचा एकच. गंमत म्हणजे त्याच घराण्यातला जुना वर्कहॉर्स २० अंशांचा असल्याने आमच्या उदाहरणात १.३७ मीटरपर्यंत पोहोचतो, सिग्नेचरपेक्षा जवळजवळ अर्धा मीटर वर. त्याची किंमत आडव्या वेगातल्या गोंगाटात मोजावी लागते, तो सुमारे सव्वापट होतो, आणि पृष्ठभाग दाखवणारा पाचवा बीम नसतो. नुसता प्रवाह हवा, लाटा दुसरीकडून मोजल्या जात आहेत आणि घरात चालू स्थितीतला वर्कहॉर्स पडून आहे, अशा वेळी नवीन यंत्रावर पैसे घालण्याआधी विचार करावा.

एचएफ रडार (किनाऱ्यावरून रेडिओ लहरी सोडून पृष्ठप्रवाह मोजणारं) हा प्रतिस्पर्धी नव्हे, पूरक. २५ मेगाहर्ट्झचं रडार ६ मीटर लांबीच्या लाटांवरून परतणारा प्रतिध्वनी वाचतं आणि त्याचा प्रवाह साधारण वरच्या अर्ध्या मीटरचा. ५ मेगाहर्ट्झचं सुमारे अडीच मीटरचा. जिथे सिग्नेचर आंधळं होतं तिथून रडार सुरू होतं, फक्त एका बिंदूऐवजी किलोमीटरभराच्या चौकोनाची सरासरी देतं. सर्वात वरच्या मीटरसाठी तरंगते ड्रिफ्टरच. १५ मीटर खोलीवर कापडी मोज्यासारखा नांगर लटकवलेले एसव्हीपी ड्रिफ्टर इथे उपयोगाचे नाहीत. डेव्हिस यांच्या धाटणीचे, वरच्या एका मीटरचं पाणी पकडणारे हवेत. त्यांच्या आकड्यात स्टोक्स वहन असतं आणि थोडा वाऱ्याचा ढकलाही, तेव्हा सिग्नेचरच्या सेलशी थेट वजाबाकी करू नये. आधी लाटांवरून स्टोक्स काढून ड्रिफ्टरमधून वजा करावं, मग जो फरक उरतो तो वाऱ्याने आलेला उतार. १० मीटर प्रति सेकंद वाऱ्यात पृष्ठभाग ढोबळमानाने ३० सेंमीने ओढला जातो आणि त्यातला मोठा वाटा शेवटच्या मीटरभरातच असतो, म्हणून वरच्या सेलवरून सरळ रेषेने पृष्ठभागापर्यंत ताणलेला आलेख जवळपास नेहमी कमी भरतो.

घ्यायचंच ठरलं तर: १० ते २५ मीटर खोलीत तळावर ठेवण्यासाठी मूळ यंत्र पुरेसं आहे, एएचआरएस आणि एचआर दोन्ही वगळा, त्या पैशांत मोठी बॅटरी आणि यंत्र आपोआप सरळ ठेवणारी हलती (गिंबल) चौकट घ्या. ३० मीटरच्या आसपास किंवा त्याहून खोल जागा असेल तर सिग्नेचर५०० घ्या. १ मेगाहर्ट्झ स्वच्छ पाण्यात तिथवर पोहोचत नाही आणि नेमका वरचाच भाग हातचा जातो. बोयासाठी घेत असाल तर एएचआरएसशिवाय ऑर्डर देऊ नका. सेटिंग: सेल अर्धा मीटर, २ ते ४ हर्ट्झ, तासाला १०२४ सेकंदांचा सलग गट, बीम-वेग कच्चे, पाचवा बीम त्याच वेगाने, क्षारता मोजलेली.